मुलांमधला बायपोलर डिसऑर्डर: 'मूडी' स्वभाव आणि आजार यांतला फरक कसा ओळखायचा?

"वयच तसं आहे, होईल नीट."

मूल अचानक चिडचिडं झालं, रात्र-रात्र जागू लागलं, अभ्यासातून त्याचं मन उडालं की घरात सगळ्यात आधी हे वाक्य ऐकू येतं. आजी म्हणते दृष्ट लागली, बाबा म्हणतात मोबाईल काढून घ्या, मामा म्हणतो होस्टेलला टाका. आणि बहुतेक वेळा 'वयच तसं आहे' हे खरंही असतं. वयात येणाऱ्या मुलांचे मूड बदलतातच, त्यात आजार शोधत बसण्यात अर्थ नसतो.

पण थोड्या मुलांच्या बाबतीत हे बदल वयाचे नसतात, बायपोलर डिसऑर्डरचे असतात. पहिलं लक्षण दिसल्यापासून आजाराचं नाव कळेपर्यंत अनेक कुटुंबांची काही वर्षं निघून जातात. तेवढ्यात दहावी-बारावी होऊन जाते, मित्र दुरावतात आणि 'वाया गेलेला' हा शिक्का बसतो तो वेगळाच. म्हणून हा आजार ओळखायचा कसा आणि ओळखल्यावर घरच्यांनी करायचं काय, ते समजून घेऊया.

बायपोलर डिसऑर्डर म्हणजे नेमकं काय?

बायपोलर म्हणजे दोन टोकं असलेला. एका टोकाला मेनिया, मराठीत उन्माद. दुसऱ्या टोकाला डिप्रेशन, म्हणजे नैराश्य. या आजारात माणूस काही दिवस, आठवडे किंवा महिने एका टोकाला राहतो, कधी तरी दुसऱ्या टोकाला जातो आणि मधल्या काळात बऱ्याचदा अगदी पूर्वीसारखा असतो. पूर्वी याला 'मॅनिक डिप्रेशन' म्हणत. १९८० मध्ये अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशनच्या निदानपुस्तिकेत 'बायपोलर' हे नाव आलं आणि पुढे तेच रूढ झालं.

हा आजार बहुतेकदा किशोरवयाच्या अखेरीस किंवा विशीच्या सुरुवातीला उघड होतो. वयात येण्याआधी तो दिसणं दुर्मीळ आहे, पण अशक्य नाही. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं होतं. त्यात १८ वर्षांवरच्या लोकांमध्ये आयुष्यात कधी ना कधी बायपोलर झालेल्यांचं प्रमाण ०.५ टक्के आढळलं. म्हणजे दर २०० जणांत एक. त्याच सर्वेक्षणानुसार, हा आजार असलेल्यांपैकी सुमारे ७० टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचलेले नव्हते.

मग 'मूड स्विंग्स' आणि बायपोलर यांत फरक काय?

सकाळी खूश, दुपारी रुसलेला, संध्याकाळी पुन्हा मित्रांसोबत हसतोय. याला बायपोलर म्हणत नाहीत. सोशल मीडियावर 'आय ॲम सो बायपोलर' असं सहज लिहिलं जातं, पण दिवसातून चार वेळा मूड बदलणं हे या आजाराचं वैशिष्ट्य नाही.

डॉक्टर पाहतात तो टप्पा, ज्याला ते 'एपिसोड' म्हणतात. मेनियाचं निदान करताना साधारणपणे किमान एक आठवडा, जवळजवळ रोज, दिवसाचा बहुतांश वेळ मूड आणि ऊर्जा असामान्य पातळीवर चढलेली असावी लागते. त्याहून सौम्य टप्प्याला हायपोमेनिया म्हणतात आणि तो किमान ४ दिवसांचा असतो. डिप्रेशनचा टप्पा किमान २ आठवड्यांचा.

दुसरी कसोटी त्याहून सोपी आहे, आणि ती पालकच सगळ्यात चांगली लावू शकतात. तुलना शेजारच्या मुलाशी करायची नाही, त्याच मुलाच्या आधीच्या वागण्याशी करायची. मुळातच बडबड्या असलेल्या मुलाचं जास्त बोलणं हे लक्षण नाही. पण वर्गात कधी हात वर न करणारी मुलगी आठवडाभर कुणाला मध्ये बोलू देत नाही, एका विषयावरून दुसऱ्यावर उड्या मारते, बोलता बोलता धापा टाकते, तेव्हा तिच्यात काहीतरी बदललं आहे.

मेनियात मूल नेहमी आनंदीच दिसेल असंही नाही. मुलांमध्ये तो कित्येकदा प्रचंड चिडचिडीच्या रूपात येतो. त्यामुळे नुसता मूड पाहून फसगत होते. सोबत आणखी काय बदललं, हे पाहावं लागतं. त्यात सगळ्यात बोलकी गोष्ट म्हणजे झोप.

झोप न येणं आणि झोपेची गरजच न वाटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोबाईलवर रात्री दोनपर्यंत जागणारा मुलगा सकाळी उठता उठत नाही, रविवारी अकरापर्यंत लोळतो. परीक्षेच्या काळजीने जागलेली मुलगी दुसऱ्या दिवशी मलूल असते. मेनियातलं मूल तीन तास झोपून पहाटे टवटवीत उठतं, कपाट आवरायला घेतं, चित्रं काढतं, दिवसभर दमत नाही आणि पुन्हा रात्री जागं राहतं. असं सलग तीन-चार दिवस चाललं तर 'किती उत्साही झालाय' म्हणून कौतुक करण्याआधी डॉक्टरांना फोन करावा.

दुसरं लक्षण मोठेपणाच्या कल्पनांचं. सहा वर्षांचं पोर 'मी छोटा भीम आहे' म्हणत सोफ्यावरून उड्या मारतं. आईने हाक मारली की जेवायला येतं. तो खेळ आहे. चौदा वर्षांचा मुलगा मात्र खरोखरच मानू लागला की आपल्याला शाळेची गरज उरलेली नाही, आपण शोधलेल्या सूत्रामुळे जग बदलणार आहे, आणि त्या भरात तो मुख्याध्यापकांना शिकवायला निघाला, तर तो खेळ राहत नाही. स्वप्नं मोठी असण्यात गैर काही नाही. प्रश्न आहे तो वास्तवाशी धागा तुटण्याचा.

बाकीच्या खुणा आजकाल वेगळ्या ठिकाणी दिसतात. वडिलांच्या फोनवरून एका रात्रीत गेमवर हजारो रुपये उडतात. मध्यरात्री वर्गाच्या ग्रुपवर शंभर मेसेज जातात. अनोळखी माणसांशी धोकादायक सलगी होते. कधी वयाला न शोभणारं लैंगिक बोलणं किंवा वागणं दिसतं. यावर आपल्या घरांत बोललं जात नाही, मुलाला फक्त मार बसतो. मेनियात असं घडू शकतं. मात्र मुलावर लैंगिक अत्याचार झाला असेल तरीही असं वागणं दिसू शकतं, त्यामुळे ही शक्यता शांतपणे तपासणं गरजेचं असतं. दोन्हीपैकी काहीही असलं तरी मार हे उत्तर नाही.

तीव्र टप्प्यात काही मुलांना भास होतात, आवाज ऐकू येतात, कुणीतरी आपल्या वाईटावर आहे असं वाटू लागतं. इथे अनेक कुटुंबं डॉक्टरांऐवजी देवऋषीकडे वळतात. त्यामागचं एक कारण समजून घेण्यासारखं आहे. बायपोलरचा टप्पा काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी आपोआपही ओसरू शकतो. त्यामुळे शेवटी जे काही केलं असेल, गंडा, अंगारा, नवस, त्याला श्रेय मिळतं. पुढच्या वेळी टप्पा आला की कुटुंब पुन्हा तिथेच जातं आणि वर्षं वाया जातात. घरच्यांनी देवाला नवस बोलण्याने डॉक्टरांचं काहीच अडत नाही, औषधं चालू असली म्हणजे झालं. पण भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण करणं, साखळीने बांधणं हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार गुन्हा आहे.

उदासीचा टप्पा का हुकतो?

मेनिया निदान गाजावाजा करून येतो. डिप्रेशन मुकाट्याने येतं, आणि अनेक मुलांमध्ये आधी तेच येतं.

'मला उदास वाटतंय' असं म्हणणारी मुलं थोडी. पोट दुखतं, डोकं दुखतं, शाळेत जायचं नाही, क्रिकेट नको, आवडती भाजी नको, अशा तक्रारी असतात. काही मुलं दहा-बारा तास झोपतात. काही आपण मुळातच नालायक आहोत असं बोलू लागतात. सगळ्या तपासण्या नॉर्मल येतात आणि 'नाटकं करतोय' असा निष्कर्ष निघतो.

इथे वैद्यकीय दृष्ट्याही एक खाचखळगा आहे. डॉक्टरांसमोर फक्त डिप्रेशन आलं तर ते नैराश्याची औषधं देतील, आणि ते योग्यच आहे. पण मूळ आजार बायपोलर असेल तर नुसत्या अँटीडिप्रेसंट गोळ्यांनी काही मुलांमध्ये मेनिया उफाळू शकतो. म्हणून आधी कधी चढा टप्पा येऊन गेला होता का, हे सांगणं फार महत्त्वाचं असतं. औषध सुरू केल्यावर मूल काही दिवसांत एकदम 'खूपच छान' झालं, झोप कमी झाली, बडबड वाढली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना कळवायचं. गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही.

कधी कधी दोन्ही टोकं एकाच वेळी येतात. मन काळवंडलेलं, पण अंगात मेनियाची अस्वस्थ ऊर्जा. आत्महत्येच्या दृष्टीने हा मिश्र टप्पा फार धोक्याचा मानला जातो.

हे दुसरं काही असू शकतं का?

असू शकतं, आणि म्हणूनच इंटरनेटवरची यादी वाचून घरच्या घरी निदान करू नये.

अमेरिकेत जे घडलं ते या बाबतीत डोळे उघडणारं आहे. १९९४-९५ ते २००२-०३ या काळात तिथे डॉक्टरांकडे बायपोलरच्या निदानासह येणाऱ्या मुलांचं प्रमाण सुमारे ४० पट वाढलं. २००७ मध्ये ही आकडेवारी प्रसिद्ध झाल्यावर बरीच खळबळ झाली. आजार ४० पटींनी वाढला नव्हता, सतत चिडणाऱ्या आणि संतापाचे झटके येणाऱ्या मुलांना सरसकट हे लेबल लागत होतं. त्यातल्या अनेकांना मोठ्या माणसांची जड औषधं सुरू झाली होती. पुढे संशोधकांनी अशा मुलांचा माग काढला, तेव्हा मोठेपणी त्यांना बायपोलरपेक्षा नैराश्य आणि चिंतेचे विकार होण्याची शक्यता जास्त दिसली. अखेर २०१३ मध्ये निदानपुस्तिकेच्या पाचव्या आवृत्तीत अशा मुलांसाठी 'डिसरप्टिव्ह मूड डिसरेग्युलेशन डिसऑर्डर' हे वेगळं निदान आलं. यात मूल वर्षभर सतत चिडलेलं असतं. बायपोलरमध्ये टप्पे असतात. फरक पुन्हा तोच.

एडीएचडीशीही गल्लत होते. चंचलपणा, एका जागी न बसणं, मध्येच बोलणं दोन्हीकडे असतं. पण एडीएचडी लहानपणापासून, बारा वर्षांच्या आतच दिसू लागतो आणि बारा महिने असतो. तो जुलैत येऊन सप्टेंबरमध्ये जात नाही. शिवाय काही मुलांना दोन्ही असू शकतात, तेव्हा निदानाला वेळ लागतो. थायरॉइड वाढणं, स्टेरॉइडची औषधं, फिट्सचा आजार, गांजासारखी नशा यांमुळेही मेनियासारखं चित्र दिसू शकतं. म्हणून डॉक्टर आधी रक्त तपासायला सांगतात. बायपोलर ओळखणारी रक्ततपासणी किंवा स्कॅन मात्र अजून नाही. निदान होतं ते इतिहासावरून, आणि तो इतिहास सांगायचा असतो घरच्यांनी.

'आमच्या घराण्यात असं कुणालाच नव्हतं'

मानसोपचारतज्ज्ञांच्या खोलीत हे वाक्य वारंवार बोललं जातं आणि अनेकदा ते खोटं असतं.

बायपोलरमध्ये आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. आई किंवा वडील यांपैकी एकाला हा आजार असेल तर मुलाला तो होण्याची शक्यता साधारण ५ ते १० टक्के मानली जाते. म्हणजे जोखीम इतरांपेक्षा कितीतरी जास्त, तरी अशा दहातल्या नऊ मुलांना तो होत नाही. ही माहिती डॉक्टरांसाठी मोलाची असते, कोणतं औषध निवडायचं हे त्यावर ठरू शकतं.

पण घराण्यातल्या अशा गोष्टींना आपल्याकडे आजाराचं नाव नसतंच. एक काका मध्येच घर सोडून जायचे. आत्या 'जरा विक्षिप्त' होती. पणजोबांनी एका महिन्यात जमीन विकून पैसे वाटून टाकले, नंतर वर्षभर बोललेच नाहीत. कुणीतरी विहिरीत 'पाय घसरून' गेलं. लग्नं जमायची असतात म्हणून या गोष्टी दाबल्या जातात. सासरच्यांसमोर माहेरचं आणि माहेरच्यांसमोर सासरचं कुणी काढत नाही. अशा वेळी आई आणि वडिलांनी डॉक्टरांना स्वतंत्रपणे भेटायची वेळ मागावी. डॉक्टर ती देतात.

आणि हो, आनुवंशिकता म्हणजे कुणाची चूक नव्हे. लाड जास्त केले, आई नोकरी करते, बाबा रागीट आहेत, यामुळे बायपोलर होत नाही. घरातला ताण टप्प्याला निमित्त ठरू शकतो, आजार निर्माण करत नाही.

उपचार काय असतात?

तीव्र टप्प्यात औषधांना पर्याय नाही. समुपदेशन लागतंच, पण औषधांच्या जोडीला.

सगळ्यात जुनं औषध म्हणजे लिथियम. हा निसर्गात सापडणारा साधा क्षार. ऑस्ट्रेलियाचे डॉक्टर जॉन केड यांनी १९४९ मध्ये मेनियावरचा त्याचा परिणाम जगासमोर आणला. अमेरिकेत आज ७ वर्षांवरील मुलांसाठी त्याला मान्यता आहे. याशिवाय मुलांच्या वयानुसार आणि टप्प्यानुसार रिस्पेरिडोन, ॲरिपिप्राझोल यांसारखी औषधं दिली जातात. व्हॅल्प्रोएट हे औषध मुलींना देताना डॉक्टर खास काळजी घेतात, कारण गरोदरपणात ते सुरू असेल तर बाळात गंभीर दोष निर्माण होऊ शकतात. मुलगी वयात येत असेल तर पालकांनी हा विषय स्वतःहून काढावा.

लिथियमचं एक वैशिष्ट्य प्रत्येक मराठी घराने लक्षात ठेवावं असं आहे. या औषधाचं रक्तातलं प्रमाण एका अरुंद पट्ट्यातच राहावं लागतं. कमी झालं तर उपयोग नाही, जास्त झालं तर विषबाधा. आणि ते पाणी आणि मिठावर अवलंबून असतं. शरीरात मीठ कमी पडलं की मूत्रपिंडं लिथियम धरून ठेवतात. त्यामुळे निर्जळी उपवास, अळणी खाण्याचं व्रत, मे महिन्यातलं उन्हातलं क्रिकेट, जुलाब-उलट्या, या सगळ्यांत धोका असतो. ताप किंवा अंगदुखीसाठी आयबुप्रोफेन असलेली गोळी विचारल्याशिवाय द्यायची नाही. हातांचा जोरात थरकाप, झोकांड्या, अडखळतं बोलणं, उलट्या दिसल्या तर तडक दवाखाना गाठायचा. रक्ततपासणी साधारणपणे आदल्या रात्रीच्या गोळीनंतर १२ तासांनी, सकाळची गोळी घेण्याआधी करतात. हे न सांगितल्यामुळे चुकीचे रिपोर्ट येतात. थायरॉइड आणि मूत्रपिंडांची तपासणीही ठरावीक काळाने करावी लागते.

औषधांनी काही मुलांचं वजन वाढतं, चेहऱ्यावर मुरुमं येतात, हात थरथरतो. पालकांना ही किरकोळ किंमत वाटते. पंधरा वर्षांच्या मुलीला ती किरकोळ नसते, आणि गोळ्या गुपचूप टाकून देण्यामागे बऱ्याचदा हेच कारण असतं. तिला 'दिसण्याचं काय घेऊन बसलीस' असं ऐकवण्यापेक्षा डॉक्टरांना सांगून मात्रा किंवा औषध बदलता येतं का ते पाहणं शहाणपणाचं. दुसरं कारण म्हणजे बरं वाटणं. सहा महिने सगळं छान गेलं की 'आता कशाला गोळ्या' असं मुलालाही वाटतं आणि घरच्यांनाही. लिथियमसारखं औषध एकदम बंद केलं तर टप्पा परतण्याची शक्यता वाढते.

पुढे काय होतं? अमेरिकेत पिट्सबर्गच्या बोरिस बिरमाहर आणि सहकाऱ्यांनी ७ ते १७ वयोगटातल्या ४१३ मुलांचा अनेक वर्षं पाठपुरावा केला. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, सुरुवातीपासून सुमारे अडीच वर्षांत ८० टक्क्यांहून थोडी अधिक मुलं त्या टप्प्यातून पूर्ण बाहेर आली होती. पण त्यानंतरच्या दीड वर्षात ६० टक्क्यांहून अधिक मुलांना पुन्हा टप्पा आला, बहुतेकदा नैराश्याचा. म्हणजे बरं होणं खरं आहे आणि परतणंही खरं आहे. घराला दोन्हीची तयारी ठेवावी लागते.

घरात काय करायचं?

सुरुवात कालनिर्णयपासून करता येईल. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकटीत रोज दोन आकडे लिहायचे. एक, काल रात्री किती तास झोप झाली. दुसरा, मूड, उणे ३ ते अधिक ३ मध्ये. शक्यतो मुलानेच लिहायचे. सण, परीक्षा, प्रवास त्या चौकटीत आधीच छापलेले किंवा लिहिलेले असतात. तीन महिन्यांनी डॉक्टरांसमोर ही पानं ठेवली की जे अर्ध्या तासाच्या बोलण्यात कळत नाही ते दिसतं. पाळीच्या तारखांशी, ऋतूशी, औषध चुकल्याशी काही नातं आहे का, हेही समजतं.

झोप राखणं हा घरातला सगळ्यात मोठा उपचार. जागरणाने मेनियाचा टप्पा सुरू होऊ शकतो हे चांगलं माहीत झालेलं आहे. आणि आपल्याकडे जागरणाची निमित्तं कमी नाहीत. ढोल-ताशा पथकाचा सराव, विसर्जनाची रात्र, नवरात्रातला गरबा, लग्नघर, बोर्डाच्या आधीची 'नाइट मारणं', क्लासच्या होस्टेलवरचा पहाटेपर्यंतचा अभ्यास. मुलाला सणातून वजा करण्याची गरज नाही. विसर्जनाला जावं, पण रात्री दहाला घरी यावं, आणि हे आधी ठरलेलं असावं. मिरवणुकीत ऐन वेळी हात धरून ओढत आणलं तर तमाशा होणारच.

मेनिया सुरू असताना वाद घालून उपयोग नसतो. तर्काने कुणी उन्मादातून बाहेर आलेलं नाही. आवाज खाली, वाक्यं छोटी, घरात पाहुणे कमी, टीव्ही बंद. मोठे निर्णय पुढे ढकलायचे. फोनवरचे पैशांचे ॲप, गाडीच्या किल्ल्या आणि एटीएम कार्ड मुलाच्या हाताशी ठेवायचं नाही. उदासीत याच्या उलट, मुलाला एकटं सोडायचं नाही आणि उपदेशही करायचा नाही. 'मन खंबीर कर' हे वाक्य ऐकून कुणाचं मन खंबीर होत नाही. शेजारी बसणं, एक चक्कर मारून येणं, आंघोळीला पाणी काढून देणं याने फरक पडतो.

घरातलं बोलणं कसं आहे, यावर टप्पे परतण्याचं प्रमाण काही अंशी अवलंबून असतं. सतत टीका, वैरभाव आणि अति-गुंतलेपण असलेल्या घरांत रुग्णाला पुन्हा त्रास होण्याची शक्यता वाढते, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मिक्लोविट्झ यांनी यातूनच कुटुंबासाठीची उपचारपद्धती विकसित केली. त्यात आजाराची माहिती, बोलण्याचा सराव आणि अडचणी सोडवण्याची रीत शिकवतात, मुलासकट सगळ्या घराला.

मग रागवायचंच नाही का? रागवायचं. बायपोलर असलेलं मूल फक्त बायपोलर नसतं, ते पंधरा वर्षांचंही असतं. सहलीला नाही म्हटलं म्हणून ते आदळआपट करेल, खोटं बोलेल, अभ्यास टाळेल. घरातले साधे नियम त्यालाही लागू असावेत. पण प्रत्येक भांडणात 'आज गोळी घेतलीस ना?' असं विचारलं की मुलाला कळतं की आता आपल्या रागालाही किंमत उरलेली नाही. हा प्रश्न फक्त गोळीच्या वेळेला विचारावा.

भावंडांना काहीतरी सांगावंच लागतं. लपवलं तर ते स्वतःचा अर्थ लावतात, बहुतेकदा 'माझ्यामुळे झालं' किंवा 'आता माझी पाळी'. वयाला झेपेल इतकं, पण खरं सांगावं.

शाळेला सांगायचं का?

सगळ्यांना नाही, पण वर्गशिक्षकांना आणि समुपदेशक असतील तर त्यांना सांगितलेलं बरं. मागण्या साध्या असतात. लिथियममुळे तहान खूप लागते आणि वारंवार लघवीला जावं लागतं, म्हणून बाटली बाकावर ठेवायची आणि न विचारता बाहेर जायची मुभा हवी. औषधाने सकाळी गुंगी राहते, हात थरथरत असेल तर अक्षर बिघडतं, लिहायला वेळ लागतो. टप्प्यानंतर परतलेल्या मुलावर एकदम सगळा बुडालेला अभ्यास टाकू नये. आणि 'कुठे होतास इतके दिवस?' या वर्गमित्रांच्या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं, हे मुलासोबत घरीच ठरवून ठेवावं.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात मानसिक आजाराचाही समावेश आहे. आजाराचं स्वरूप गंभीर असेल तर प्रमाणपत्र आणि त्याआधारे परीक्षेतल्या सवलतींबद्दल डॉक्टरांशी आणि शाळेशी बोलता येतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार आरोग्य विम्यात मानसिक आजारांना शारीरिक आजारांप्रमाणेच संरक्षण द्यावं लागतं. मुलाला दाखल करायची वेळ आली तर त्याला मोठ्या रुग्णांपासून वेगळं ठेवणं आणि पालक किंवा नेमलेली व्यक्ती सोबत राहणं, हेही याच कायद्यात आहे.

तातडीची वेळ कोणती आणि जायचं कुठे?

मूल मरणाबद्दल बोलू लागलं, आवडत्या वस्तू वाटून टाकू लागलं, निरोपासारखे मेसेज करू लागलं, तर 'लक्ष वेधून घेतोय' म्हणून सोडायचं नाही. 'तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येतात का?' असं थेट विचारावं. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. अशा काळात त्याला एकटं ठेवू नये. घरातली सगळी औषधं, आजोबांच्या गोळ्या आणि शेतीची कीटकनाशकंही कुलपात ठेवावीत. लिथियमच्या गोळ्या तर कायमच पालकांच्या ताब्यात हव्यात.

भास होत असतील, दोन-तीन रात्री अजिबात झोप नसेल, खाणंपिणं सुटलं असेल किंवा मूल स्वतःला वा इतरांना इजा करेल अशी भीती असेल, तर जवळच्या रुग्णालयाचा आपत्कालीन विभाग गाठावा. रुग्णवाहिकेसाठी १०८, पोलीस आणि इतर तातडीच्या मदतीसाठी ११२.

घाई नसेल तर सुरुवात जिल्हा रुग्णालयातल्या मानसिक आरोग्य विभागापासून किंवा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या मानसोपचार ओपीडीपासून करता येते. पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे राज्य सरकारची प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, गोव्यात बांबोळीला मानसोपचार आणि मानवी वर्तन संस्था आहे. शक्य असेल तर मुलांचा अनुभव असलेले मानसोपचारतज्ज्ञ शोधावेत. समुपदेशक औषध लिहून देऊ शकत नाहीत, त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञच लागतात. पहिल्या भेटीला जाताना झोपेची नोंद, आधीच्या सगळ्या चिठ्ठ्या, शाळेचे शेरे आणि जमलं तर चढ्या टप्प्यातला एखादा छोटा व्हिडिओ सोबत न्यावा. दवाखान्यात शिरल्यावर मुलं बऱ्याचदा शहाण्यासारखी बसतात.

केंद्र सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत चालते आणि तिथे मराठीत बोलता येतं. मुलांना स्वतःला मदत हवी असेल तर त्यांच्यासाठी १०९८ हा क्रमांक आहे.